डबल्स शिकायला खासगी कोच लावावा का?

आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली आता बॅडमिंटनकडे वळू लागली आहेत. मात्र वर्षभरात घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. बॅचमध्ये वीस मुलं, कोचचं लक्ष नाही, मग खासगी कोचिंग लावायचं का? ते बॅचच्या कितीतरी पट महाग असतं. पैसे कमी पडले की बहुतेक घरांत आधी मुलीचं कोचिंग बंद होतं, म्हणून हा खर्च विचार करूनच करायला हवा.

मूल डबल्स खेळणारं असेल तर माझं मत असं: खासगी कोच लावावा, पण एकट्या मुलासाठी नाही.

डबल्समध्ये कोर्टची रुंदी 17 ऐवजी 20 फूट होते, पण सर्व्हिसपुरती मागची अडीच फुटांची पट्टी बाद होते. त्यामुळे सिंगल्समधली उंच, लांब सर्व्हिस इथे चालत नाही, समोरचा ती थेट स्मॅश करतो. सर्व्हिस नेटला घासून, बुटकी जावी लागते. ती सर्व्हिस, तिचा परतावा आणि त्यानंतरचा फटका इथेच बरेच गुण ठरतात. हे मात्र कोच समोर उभा राहून, बादलीभर शटल टाकून, शंभर वेळा करून घेऊ शकतो. मनगट कुठे चुकतं, रॅकेट खाली का पडते, हे बॅचच्या गर्दीत दिसत नाही. एवढ्यापुरतं खासगी कोचिंग पैसे वसूल करून देतं.

पुढचं वेगळं आहे. आपण हल्ला करत असताना एक पुढे, एक मागे. शटल उंच गेलं की लगेच दोघं शेजारी-शेजारी. ही अदलाबदल प्रत्येक रॅलीत अनेकदा होते, आणि ती जोडीदाराकडे न बघता, त्याच्या चाहुलीवर करायची असते. एकट्याच्या तासात प्रत्येक शटल आपल्याकडेच येतं, त्यामुळे ही सवय लागतच नाही. मग स्पर्धेत मधोमध आलेलं शटल दोघंही सोडतात, नाहीतर दोघांच्या रॅकेट एकमेकींवर आदळतात.

मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातल्या अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांचं उदाहरण घ्या. दोघंही उंच, दोघांनाही मागून स्मॅश मारायची आवड. मग पुढे नेटवर कोण? मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी ही जोडी लावली आणि हैदराबादला गोपीचंद अकादमीत दोघं एकत्र घडले. 2023 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं, त्या स्पर्धेतलं भारताचं बॅडमिंटनमधलं ते पहिलंच सुवर्ण. त्याच वर्षी ते जगात अव्वल ठरले.

म्हणून चार कुटुंबांनी मिळून आठवड्याला एक तास घ्यावा. फी चौघांत वाटली जाते आणि कोर्टवर चार खेळाडू आपोआप मिळतात. बाकीचे दिवस क्रीडा संकुलात आपापलं खेळावं, कधी दोघांविरुद्ध तिघं, म्हणजे बचाव पक्का होतो. पिसांची शटल डबल्समध्ये पटापट तुटतात, सरावाला नायलॉनची चालतात. कोच ठरवताना एवढंच विचारा, 'चौघांना एकत्र शिकवाल का?' 'आधी सिंगल्स पक्कं करा, डबल्स आपोआप येईल,' असं उत्तर आलं तर ते नऊ-दहा वर्षांच्या मुलापुरतं ठीक आहे, कारण त्या वयात पकड आणि पायांची हालचालच शिकायची असते. पंधरा वर्षांच्या मुलीला तसं सांगणारा कोच डबल्ससाठी घेऊ नये.

कार्यकर्त्यांसाठीही एक सूचना. जयंतीनिमित्त आपली मंडळं एका दिवसाची स्पर्धा घेतात, ट्रॉफी देतात, फोटो निघतात. त्याच वर्गणीतून जवळच्या हॉलमधलं एक कोर्ट आठवड्याला दोन तास, सहा महिन्यांसाठी घेता येतं का, याची चौकशी विहार समितीने यंदा करून बघावी. पहिल्या चौघांत दोन मुली असाव्यात.