चिटबॉयच्या खिशातली नोंदवही आणि तिची किल्ली



गेल्या वर्षीच्या आडसाली नोंदीच्या वेळची ही गोष्ट आहे. आपला एक चिटबॉय दिवसभर शिवारातून फिरून संध्याकाळी गट ऑफिसला आला, मोटारसायकल लावली आणि खिसे चाचपू लागला. फोन नव्हता. पाऊस, चिखल, खड्ड्यांचा रस्ता. कुठेतरी गाडी उसळली आणि खिशातला फोन पडला असावा. चार जण बॅटऱ्या घेऊन परत त्याच रस्त्याने गेले. हाती काही लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दारात ही गर्दी. जो तो एकच विचारी, "साहेब, आमची नोंद गेली का राहिली?" गर्दीच्या मागे एक माउली उभी होती. ती हळूच म्हणाली, "नोंद ऱ्हाऊ द्या वो. माझ्या पासबुकाचा फोटो काढला व्हता त्यानं. त्यो आता कुणाच्या हातात गावला असंल?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांचे धड उत्तर त्या दिवशी ऑफिसात कोणाला देता आले नाही, म्हणून हा लेख.

जुन्या सभासदांना जाड पुठ्ठ्याची नोंदवही आठवत असेल. चिटबॉय सायकलवरून येई, बांधावर बसे, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेई, चहा घेऊन पुढे जाई. या सगळ्या रकान्यांत लागणीची तारीख म्हणजे सभासदाचा जीव. क्रमपाळी तिच्यावर ठरते. तारीख मागेपुढे झाली की तोड लांबते. उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडते, वजन घटते, आणि पुढच्या खोडव्याला नेमके उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. त्या एका रकान्यावर किती वेळा खोडरबर फिरले असेल हे आम्ही सांगायला नको. ज्यांचे नुकसान झाले त्यांना ते पाठ आहे. सगळेच चिटबॉय तसे होते असे मुळीच नव्हे. पण वही ज्याच्या काखेत, पाळी त्याच्या हातात, अशी स्थिती होती खरी.

मग मोबाइल आला. बांधावर उभे राहून नोंद, प्लॉटच्या कडेने फिरून नकाशा, आणि सभासदाच्या फोनवर लगेच मेसेज. वाटले, खोडरबराचा खेळ संपला. तो संपला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

पहिल्या वर्षी आपण काटकसर म्हणून चिटबॉयना त्यांच्याच फोनवर कारखान्याचे अॅप घालून दिले. तिथेच चुकलो. दरीच्या कडेच्या गावांत रेंज नसते, तेव्हा नोंद फोनमध्येच पडून राहते आणि तिला तारीख लागते ती फोनच्या घड्याळाची. घड्याळ फोनमालकाच्या हातात! सेटिंगमध्ये जाऊन आठ दिवस मागे घेतले की नोंदही आठ दिवस मागची. शिवाय घरी बसून शिवारात असल्याचे भासवणारी अॅपेही फुकट मिळतात. आणि हंगाम अर्ध्यात आला असता एकाने नोकरी सोडली. त्याच्याबरोबर त्याचा फोन गेला आणि फोनबरोबर अख्ख्या गटाची यादी गेली: कोणाचा ऊस किती, कधी तुटायला येणार, कोणाचा मोबाइल नंबर काय. झोनबंदी उठल्यापासून उसाची पळवापळवी कशी चालते हे सर्वांना ठाऊक आहे. ती यादी कोणाच्या कामाची होती हे वेगळे सांगायला नको. कोणाचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष त्या मुलाचा कमी आणि आमच्या व्यवस्थेचा जास्त होता.

त्यानंतर कारखान्याने आपले स्वतःचे फोन घेतले आणि ते दूरवरून हाताळण्याची व्यवस्था लावली. तिला इंग्रजीत मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणतात. हे काही काल निघालेले शास्त्र नव्हे. ब्लॅकबेरी फोनसाठी अशी यंत्रणा पूर्वीपासून होती, पण त्यासाठी ज्याच्या त्याच्या ऑफिसात मोठा संगणक बसवावा लागे. आता ती यंत्रणा भाड्याने मिळते आणि ती क्लाउडमध्ये असते. क्लाउड म्हणजे ढग. आम्ही हे शिवार सभेत सांगितले तेव्हा एक तात्या म्हणाले, "ढगात ठिवलंय म्हंता, मग पाऊस झाला की आमच्या नोंदी खाली पडायच्या का?" सभा हसली, पण प्रश्न बरोबर होता. ढग आभाळात नाही. तो जमिनीवर, कुलूपबंद इमारतींत रांगेने लावलेल्या संगणकांत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. आपल्या ऑफिसातला संगणक बंद पडला, वीज गेली, तरी तिथले काम चालू राहते. एवढाच त्या ढगाचा अर्थ.

काम कसे चालते ते आम्ही बसून पाहिले. नवा फोन खोक्यातून काढायचा, सुरू करायचा आणि स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवायचे. कॅमेरा उघडतो. ऑफिसातल्या संगणकावर चौकटीचौकटींचा क्यूआर कोड असतो, तो फोनला दाखवायचा. बस. तेथून पुढे तो फोन कारखान्याचा झाला. लागणारी अॅपे तो आपणहून उतरवून घेतो, बाकीची घालू देत नाही. सहा आकडी पिन घातल्याशिवाय उघडत नाही. आणि घड्याळाला कोणालाही हात लावता येत नाही. वेळ नेटवर्कवरूनच येते. आम्हाला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली आपल्या सभासदाच्या कामाची गोष्ट ही शेवटची. जे खोडरबर वहीवर फिरत होते, ते इथे येऊन थांबले.

जाता जाता एक सांगतो. फोनच्या नकाशाने क्षेत्र बिनचूक निघते असे कोणी म्हटले तर मान्य करू नका. मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनला आपली जागा सुमारे ५ मीटरच्या फरकाने समजते. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर. चार एकरांच्या सलग फडात हा फरक जिरून जातो, दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तो डोळ्यांवर येतो. किती कुलपे लावली तरी हे सुधारत नाही. तिथे सातबाराशी ताळा घ्यावाच लागतो.

आता हरवलेल्या फोनकडे येऊ. संगणक विभागाने सकाळी दोन हुकूम सोडले: फोन कुलूपबंद कर, आणि आतले सगळे पुसून टाक. पण हुकूम फोनपर्यंत पोचायला फोन चालू हवा आणि त्याला रेंज हवी. फोन बंद असेल तर हुकूम वाट पाहत राहतो. तसा तो दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात कोणीतरी फोन चालू केला, त्याला रेंज आली आणि काही मिनिटांत संगणकावर ओळ उमटली, की फोन पुसला गेला. नोंदींचे म्हणाल तर रेंजमध्ये केलेल्या सर्व नोंदी आधीच क्लाउडमध्ये पोचल्या होत्या. दरीतल्या तीन प्लॉटांच्या मात्र फोनमध्येच होत्या, त्या गेल्या. त्यांपैकी दोघा सभासदांकडे चिटबॉयच्या सहीची चिठ्ठी होती, त्यांच्या तारखा जशाच्या तशा लावल्या. तिसऱ्याकडे चिठ्ठी नव्हती. शेजाऱ्यांचे जबाब घेऊन शेवटी तारीख ठरली, पण त्या सभासदाला दोन हेलपाटे पडले आणि त्याची नाराजी अजून गेलेली नाही. ती आम्हाला चूक वाटत नाही.

चिटबॉय मंडळींचेही ऐकून घेतले पाहिजे. "साहेब, आमी कुठं चहा पितो ते बी बघता का आता?" असे एकाने तोंडावर विचारले. खरे ते सांगतो. या यंत्रणेतून फोनवर कोणती अॅपे आहेत ते दिसते आणि फोन कोठे आहे हेही पाहता येते. बोलणे ऐकण्याची किंवा व्हॉट्सअॅप वाचण्याची सोय तिच्यात नाही. पण फोनवर कोणते अॅप बसवायचे हे कारखान्याच्याच हातात असल्याने उद्या कोणी वेडेवाकडे अॅप बसवलेच तर त्याला अडवणारा आज कोणी नाही. म्हणून नियम लेखी हवा. नोंद करताना त्या जागेची खूण घेतली जाते, एरवी घेतली जात नाही, असे शेतकी खाते सांगते. ते कागदावर येऊन चिटबॉयच्या हाती पडावे. काही कारखाने माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये कामापुरता वेगळा कप्पा करतात, त्याला वर्क प्रोफाइल म्हणतात. त्या कप्प्यातल्या अॅपवर छोट्या बॅगेची खूण दिसते. तिथे कारखाना फक्त आपला कप्पा पुसू शकतो, घरच्या फोटोंना हात लावू शकत नाही. चिटबॉयना दोन फोन बाळगायचा कंटाळा येतो, त्यांना हे सोयीचे. पण स्वतःच्या फोनवरचे घड्याळ स्वतःचेच राहते, म्हणून नोंदीच्या कामाला आम्हाला कारखान्याचा फोनच बरा वाटतो.

सभासदांमध्येही एक वावडी उठली आहे, की कारखाना सभासदांचे फोनसुद्धा पाहतो. तसे अजिबात नाही. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये काढलेले महा-ऊस नोंदणी अॅप तुम्ही आपल्या फोनवर घेतले असेल किंवा कारखान्याचे मेसेज येत असतील, म्हणून तुमचा फोन कारखान्याच्या ताब्यात जात नाही. क्यूआर कोड दाखवून जो फोन जोडला, तेवढाच.

आता अवघड भाग. जो हुकूम हरवलेला एक फोन पुसतो, तोच हुकूम सगळे फोन एकदम पुसू शकतो. ही नुसती भीती नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सिंगापूरला हे घडले. तिथल्या माध्यमिक शाळांतील मुलांच्या आयपॅड आणि क्रोमबुकवर मोबाइल गार्डियन नावाच्या कंपनीची अशीच व्यवस्था होती. कोणीतरी त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरले आणि २६ शाळांतील सुमारे १३,००० मुलांची उपकरणे दूरवरूनच पुसली गेली. ज्यांनी टिपणे दुसरीकडे उतरवून ठेवली नव्हती त्यांची टिपणे गेली. शिक्षण खात्याने मग ते अॅपच सगळीकडून काढून टाकले. सिंगापूरसारख्या काटेकोर ठिकाणी हे झाले. आपल्याकडे बॉयलर पेटल्यावर, तोडी ऐन भरात असताना असे झाले, तर त्या दिवशी कोणत्या फडात कोणती टोळी जायची हेच कळणार नाही. गव्हाणीपुढे गाड्या उभ्या राहतील नाहीतर गव्हाण रिकामी राहील.

आपल्याकडे ही किल्ली आज कोणाच्या हातात आहे, याची आम्ही चौकशी केली. संगणक विभागातल्या एका माणसाच्या. माणूस चांगला आहे, कामसू आहे. पण एकटा आहे, आणि तो रजेवर गेला की किल्लीही रजेवर जाते. आणखी एक गोष्ट समजली ती अशी, की यंत्रणेचे खाते कारखान्याच्या नावावर नसून अॅप पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर उघडलेले आहे. उद्या कंत्राटदार बदलला, तर सगळे फोन गोळा करून, पुसून, पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागतील. हे आम्ही संचालक मंडळाला लेखी कळवले आहे आणि येथेही छापतो आहोत. खाते कारखान्याच्या नावावर यावे आणि पुसण्याचा हुकूम दोघांच्या संमतीशिवाय जाऊ नये, एवढीच मागणी आहे. दोघांच्या संमतीची सोय काही यंत्रणांत तयार आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याचे नियम २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दंड झाला तर तो कोणाच्या उसाच्या बिलातून जाईल, ते सर्वसाधारण सभेत विचारायला सभासद समर्थ आहेत.

येत्या नोंदीच्या वेळी चिटबॉय बांधावर असतानाच मेसेजमधली तारीख वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या. रेंज नसेल तर सहीची चिठ्ठी मागून घ्या. ती देण्याची सक्ती आता केली आहे. सातबारा किंवा पासबुकाचा फोटो कारखान्याच्या फोनवरच काढू द्या. तो ओळखणे सोपे आहे: फोन उघडण्याआधी पडद्यावरच हा फोन संस्थेचा असल्याची ओळ दिसते. "रेंज नाही, माझ्या व्हॉट्सअॅपवर टाका" असे कोणी म्हटले तर टाकू नका.

त्या माउलीला आम्ही गेल्या आठवड्यात भेटून आलो. फोन पुसला गेला हे तिला सांगितले. ती म्हणाली, "पुसला म्हंता ते तिसऱ्या दिवशी. आधीच्या दोन दिवसांत कुणी बघितलं नसंल कशावरनं?" आम्ही म्हणालो, फोनमधले सगळे सांकेतिक लिपीत साठवलेले असते, सहा आकडी पिन कळल्याशिवाय ते वाचता येत नाही. तिने जरा विचार केला. "मग त्यो आकडा कुणाला सांगू नको म्हणावं पोराला," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

परतताना गट ऑफिसात थांबलो आणि टेबलावर चार्जिंगला लावलेले चार फोन उलटे करून पाहिले. एकाच्या कव्हरमध्ये कागदाचा कपटा होता. त्यावर निळ्या शाईने सहा आकडे लिहिलेले होते.