परिपत्रक आले की पोर खांबावर!

गेल्या पावसाळ्यात एका दाव्याच्या तारखेसाठी धुळ्याला गेलो होतो. कोर्टाचे काम आटोपून एका कार्यकर्त्याच्या घरी चहाला बसलो असता वस्तीतील एक माय आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीचे उजवे मनगट सुजलेले, त्यावर कापडी पट्टी. "भाऊ, पोरना हात सुजी गया," एवढेच माय म्हणाली आणि गप्प बसली.

हकिगत पोरीनेच सांगितली. शाळेत जिल्हास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धेचे परिपत्रक आले. जिम्नॅस्टिक्समध्ये नाव द्यायचे ठरले. शाळेत कोणाचे अंग लवचीक आहे, याची पाहणी झाली आणि या पोरीची निवड झाली. त्याआधी तिने कधी भिंतीचा आधार सोडून हातावर उभे राहूनही पाहिले नव्हते. सोळा दिवसांत तिला फ्लोअरचा पूर्ण संच बसवायला लावला. पातळ सतरंजीवर, दररोज दहा-बारा वेळा. बाराव्या दिवशी मनगट गेले. स्पर्धा राहिली बाजूलाच.

माझ्याकडे आलेली माणसे सहसा विचारतात, केस होईल का, भरपाई मिळेल का? या मायने तसे काहीच विचारले नाही. तिने विचारले, पुढच्या वर्षी पोरीला खेळायचेच आहे, तर सरांना कोणत्या महिन्यापासून शिकवायला सांगू?

वकिली पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. मी प्रशिक्षकही नाही. नव्वदच्या दशकात मीही शाळेच्या मल्लखांबावर असाच ऐनवेळी चढवला गेलेला पोरगा. तेव्हा खाली गादी नव्हती, माती होती, आणि पडलो तर सर म्हणायचे, "माती अंगाला लागली की खेळाडू होतो." माझे नशीब चांगले म्हणून खांद्यावरच भागले. परंतु या मायच्या प्रश्नानंतर जळगाव आणि धुळ्यात मुलांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या चार-पाच जाणत्यांना गाठले. त्यांच्यात बारीकसारीक मतभेद आहेत, मात्र एका गोष्टीवर सर्वांचे एकमत दिसले. पूर्ण संच ही शेवटी करायची गोष्ट आहे. आपल्या शाळा ती पहिल्या दिवशी करतात.

संच म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. कोलांटउडी, चक्री, हातावरचा तोल, उडी, वळण हे सुटे घटक. ते एकामागून एक जोडून, न थांबता, ठरलेल्या वेळेत सादर करायचे, तो झाला संच. यालाच इंग्रजी शाळांत रुटीन म्हणतात. मुलींच्या फ्लोअरला आंतरराष्ट्रीय नियमानुसार दीड मिनिटाची मर्यादा आहे. दीड मिनिट कागदावर किती लहान दिसते! पण शेवटच्या वीस सेकंदांत दम संपलेला असतो, हात थरथरत असतात, आणि नेमकी तेव्हाच अवघड उडी असते. ज्या मुलाला सुटी उडीच नीट येत नाही, त्याला ती थकलेल्या अंगाने मारायला लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय. शिवाय तेरा-चौदाच्या वयात हाडे वाढत असतात. मनगटाशी हाडाच्या टोकाला वाढीची मऊ कूर्चा असते. हातावर उभे राहिले की सगळ्या अंगाचा भार तिच्यावर येतो. एकदम दहा-बारा संच रोज करवले की दुखणे तिथेच सुरू होते.

मग कालपत्रक कसे असावे? आपल्या भागात एप्रिल-मे म्हणजे जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ पर्यंत जाणारा काळ. तेव्हा सकाळी सातच्या आत जे होईल तेवढेच. या दोन महिन्यांत संचाचे नावही काढू नये. पोट, खांदे, मनगट यांची ताकद, लवचीकपणा, भिंतीला टेकून हातावर उभे राहणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडायचे कसे, हे शिकवणे. जूनच्या मध्याला शाळा उघडली की सुटे घटक पक्के करायचे. मग दोन-दोन, तीन-तीन घटक जोडायचे. पुढे अर्धा संच. पूर्ण संच जिल्हा स्पर्धेच्या साधारण सहा ते आठ आठवडे आधी, तोही सुरुवातीला दिवसाआड एक-दोनदा. शेवटच्या आठवड्यात वाढवायचे नाही, उलट कमी करायचे. नवा घटक तर त्या आठवड्यात घालायचाच नाही. मुलगा पहिल्याच वर्षी शिकत असेल तर त्याने त्या वर्षी स्पर्धेला न जाता बघायला जावे, असे एका अनुभवी शिक्षकाने सांगितले. मला हे सर्वांत पटले. शाळांना हे सर्वांत कमी पटेल, याचीही खात्री आहे.

उशिरा सुरू करून अवघड संच बसवण्यात गुणांचाही तोटाच आहे. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सादरीकरणाचे गुण दहापासून खाली कापत येतात. लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५ आणि पडले की पूर्ण १. म्हणजे घाईने शिकलेल्या एका उडीवर पडणारी मुलगी जेवढे गमावते, तेवढे ती उडी सोडून साधा पण स्वच्छ संच करणारी मुलगी सहज वाचवते.

कोणी म्हणेल, दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हासारखी जीवघेणी उडी मारलीच ना? जरूर मारली. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या व्हॉल्ट अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५० ने हुकले. पण त्रिपुराच्या या मुलीने वयाच्या सहाव्या वर्षी खेळाला सुरुवात केली होती. त्या उडीमागे अनेक वर्षांचा पाया होता, परिपत्रक आल्यानंतरचे सोळा दिवस नव्हते. आणि भीती वाटते म्हणणाऱ्या पोराला "भित्रा" म्हणणाऱ्या शिक्षकांनी सिमोन बाइल्स आठवावी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत असताना आपल्या शरीराचा अंदाज सुटतोय, हे लक्षात येताच जगातली सर्वश्रेष्ठ जिम्नॅस्ट सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली. २०२४ च्या पॅरिसला तिने परत येऊन सुवर्णपदके जिंकली. थांबल्याने तिचे काही गेले नाही.

आता खान्देशातली खरी अडचण. शहरातल्या सुखवस्तू घरातला मुलगा खासगी वर्गाला बारा महिने जातो. परिपत्रक येते तेव्हा त्याचा संच तयारच असतो. वस्तीतल्या, खेड्यातल्या पोराचा सराव परिपत्रकाच्या तारखेपासून सुरू होतो. दोघे एकाच गादीवर उतरतात आणि निकाल लागला की म्हणायचे, गुणवत्ता जिंकली! त्यातूनही एखादे पोर जिल्ह्याला निघाले, तर पुढे नाशिक विभाग आणि मग राज्य. तोवर दिवाळी आलेली असते आणि शेतात कापूस फुटलेला असतो. वेचणीच्या दिवसांत पोर सरावाला का येत नाही, हे विचारणाऱ्या सरांनी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. म्हणूनच पाया उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला घातलेला असला पाहिजे. मग वेचणीत आठ-दहा दिवस बुडाले तरी अंग विसरत नाही.

आणि हा केवळ हौसेचा विषय नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. राज्य शासनाच्या ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आले. ते समांतर असल्यामुळे अनुसूचित जाती-जमातींच्या जागांमध्येही ते लागू होते. त्यासाठी राज्यस्तरावरची कामगिरी लागते. ती कामगिरी सोळा दिवसांच्या तयारीतून येणार आहे काय?

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही सांगितला आहे. आपल्या मुलांच्या शाळेत गाद्या किती, त्या केव्हा घेतल्या, निदेशक नेमला की नाही, हे माहिती अधिकारात विचारता येते. दहा रुपयांचे काम आहे. सातपुड्यातला साग तासून मल्लखांब पुरायला शाळांकडे पैसा असतो, तर खालच्या गादीला का नसावा?

आणखी एक. स्पर्धेपूर्वी पालकांकडून एक कागद सहीसाठी येतो, "इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही." आपली अंगठाबहाद्दर माय भीतीने अंगठा देऊन मोकळी होते. हा कागद शाळेच्या निष्काळजीपणाला कवच ठरत नाही, हे लक्षात ठेवावे. मात्र शिक्षकाला कोर्टात खेचायची मला हौस नाही. तोही बिचारा एकटा असतो, त्याच्यावर दहा खेळ आणि निवडणुकीची कामे लादलेली असतात. म्हणून सही करताना त्याच कागदाच्या पाठीमागे दोन प्रश्न लिहून द्यावेत: सराव कोणत्या तारखेपासून सुरू झाला? गादी आहे काय? लेखी विचारलेल्या प्रश्नाला शाळा वेगळ्या गांभीर्याने घेते.

त्या मायला मी एप्रिल सांगितला. धुळ्याच्या त्या कार्यकर्त्याने वस्तीतले समाजमंदिर सकाळी साडेपाच ते सात मोकळे ठेवायचे कबूल केले. वर्गणीतून दोन जुन्या गाद्या आल्या. डॉक्टरांनी होकार दिल्यावर पोर एप्रिलपासून येऊ लागली, तिच्यामागे वस्तीतली आणखी सहा आली. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, "काका, सरांनी अजून संच नाही दिला. भिंतीवरच उभं करतात." मी म्हटले, बरोबर करतात.