तिसरा खटका

१९८८ साली मुंबईतल्या एका गॅरेजात मी एका जुन्या शेवरले इम्पालाचा गिअरबॉक्स फोडला. गाडी लग्नाच्या वरातींना भाड्याने जायची. गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील गळत होतं, म्हणून आम्ही तो उतरवला होता. सील बदललं, टॉर्क कन्व्हर्टर परत जागेवर सरकवला, बॉक्स जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला. दोघांमध्ये बोटभर फट राहिली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्या हातात पाना होता. बोल्ट लावले आणि चारी बाजूंनी आवळत फट बुजवली.

इंजिन सुरू झालं, आतून करकर ऐकू आली, खाली तेलाचं थारोळं झालं आणि गाडी जागची हलली नाही. मिस्त्रींनी बॉक्स पुन्हा उतरवला. तेलपंपाच्या गिअरचे तीन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले आणि एवढंच विचारलं, "खटके किती मोजलेस?"

"दोन."

"मग तिसरा कुठं गेला?"

गेली साडेतीन दशकं मी बसवलेल्या प्रत्येक कन्व्हर्टरबरोबर हा प्रश्न ऐकत आलोय. पुढे इतिहास चाळायला लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ते तीन खटके म्हणजे या यंत्राच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीतले तीन मुक्काम आहेत.

आधी टॉर्क कन्व्हर्टर नावाचं हे भांडं काय आहे ते सांगतो. दोन खोलगट पराती तोंडाला तोंड लावून कडेने वेल्ड केल्या तर जे दिसेल, ते कन्व्हर्टरचं बाहेरचं रूप. आत तेल आणि पात्यांची तीन चाकं. पहिलं, इम्पेलर, कवचालाच जोडलेलं असतं. ते इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल भिरकावतं. समोरचं टर्बाइन ते तेल अंगावर झेलतं आणि फिरायला लागतं. दोघांच्या मध्ये स्टेटर असतो, तो परतणाऱ्या तेलाला वळण देतो. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पाहिलं तर एकात एक अशा तीन गोष्टी दिसतात: मधोमध इनपुट शाफ्ट, त्याच्याभोवती न फिरणारी एक नळी आणि त्या नळीभोवती तेलपंपाचा आतला गिअर. कन्व्हर्टर या तिन्हींवर नीट बसावा लागतो आणि प्रत्येकावर बसताना एक खटका येतो. कोणता खटका आधी येईल ते बॉक्सगणिक बदलतं, पण यायला तिन्ही हवेत.

इनपुट शाफ्टचा खटका सगळ्यांत जुना. त्याचं मूळ मोटारीत नाही, जहाजात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर वाफेची टर्बाइनं आली. टर्बाइन भन्नाट वेगाने फिरल्याशिवाय परवडत नाही आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरल्याशिवाय पाणी नीट कापत नाही. एवढी प्रचंड शक्ती पेलतील असे दात कापणं त्या काळच्या गिअरवाल्यांना जमत नव्हतं. स्टेटीनच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्चेचिनच्या, व्हल्कन जहाज कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर होता. टर्बाइनने पंप फिरवायचा आणि पंपाच्या पाण्याने पंख्याकडचं चाक फिरवायचं, ही कल्पना त्याला सुचली. पण पंप एकीकडे, चाक दुसरीकडे आणि मध्ये लांबलचक नळ्या असल्या की शक्ती वाटेतच मुरते. फ्योटिंगरने नळ्याच काढून टाकल्या आणि दोन्ही चाकं एका कवचात समोरासमोर आणून बसवली. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं. इंजिन आणि पंखा एकमेकांना न शिवता एकाची ताकद दुसऱ्याला मिळू लागली. पुढे दात कापण्याचं तंत्र सुधारलं आणि जहाजांना या भांड्याची फारशी गरज उरली नाही, पण कल्पना टिकून राहिली. इनपुट शाफ्ट टर्बाइनच्या खाचांत बसतो तो खटका फ्योटिंगरचा.

दुसरा खटका त्या न फिरणाऱ्या नळीचा. ती स्टेटरला धरून ठेवते. गाडी उभी असताना इंजिन जोर लावतं, तेव्हा टर्बाइनवरून परतणारं तेल स्टेटरच्या पात्यांवर आपटून पुन्हा इंजिनाच्याच फिरण्याच्या दिशेने वळतं आणि मूळ जोरात भर घालतं. मोटारींमध्ये ही भर साधारण दुपटीच्या आसपास जाते. पण गाडी वेगात आली की तेल उलट्या बाजूने स्टेटरच्या पाठीवर आदळायला लागतं आणि मदतनीसच ब्रेक होऊन बसतो. १९२८च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी यावर उपाय शोधला. त्यांनी स्टेटरला सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने फिरणारा क्लच दिला. गरज असेल तेव्हा स्टेटर घट्ट उभा राहतो, गरज संपली की मोकळा फिरतो. या रचनेला ट्रिलोक म्हणतात. आपल्या कानाला हे थेट 'त्रिलोक' ऐकू येतं, आणि आत चाकंही तीनच असल्यामुळे ते नाव माझ्या शिकाऊ पोरांच्या चटकन लक्षात राहतं.

अमेरिकेने हे सगळं घरोघरी पोचवलं, पण तेही एका दमात नाही. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबाइलसाठी हायड्रा-मॅटिक आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यात स्टेटर नव्हता, नुसतं द्रव कपलिंग होतं. जोर वाढवण्याचं काम त्याचे चार गिअर करायचे. दुसऱ्या महायुद्धात हाच बॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला. ब्युइकने हेलकॅट या रणगाडाविरोधी वाहनाच्या गिअरबॉक्समधून टॉर्क कन्व्हर्टरचा अनुभव घेतला आणि १९४८च्या मोटारीत डायनाफ्लो दिला. तो लोण्यासारखा चालायचा, पण आळशी होता. इंजिन आधी गुरगुरायचं आणि गाडी मागून यायची. १९५०ला पॉवरग्लाइड आला आणि स्वस्तातल्या शेवरलेलाही ही सोय मिळाली.

आपल्याकडे जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होता. पण आपल्या रस्त्यांवर राज्य केलं ते हाताने गिअर टाकायच्या फियाट आणि अँबेसिडरने. टॉर्क कन्व्हर्टर आमच्या पिढीला दिसायचा तो बाहेरून आलेल्या एखाद्या बड्या गाडीच्या पोटात. रेल्वेच्या रुळांवर मात्र त्याची वेगळी कहाणी घडली. मनमोहन सुरी या भारतीय इंजिनिअरने द्रवाचं आणि यांत्रिक गिअरचं काम एकत्र करणारं सुरी ट्रान्समिशन बनवलं. त्यांना १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या ट्रान्समिशनवर आपल्याकडची डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं धावली. पुढे ज्या गावात कधी ऑटोमॅटिक गाडी गेली नाही, तिथेही टॉर्क कन्व्हर्टर पोचला, तो जेसीबीत बसून. मातीच्या ढिगात बकेट रुतवून मशीन पुढे रेटलं तरी इंजिन बंद पडत नाही, ते याच भांड्यामुळे.

आता तिसरा खटका, मी चुकवलेला. कन्व्हर्टरच्या मानेला खाचा असतात आणि त्यांत पंपाचा गिअर अडकतो. इंजिन फिरलं की कवच फिरतं, कवच फिरलं की पंप फिरतो. पंपाचं तेल कन्व्हर्टर भरतं, क्लचपट्ट्या दाबतं आणि बेअरिंगांना ओलं ठेवतं. जुन्या काही बॉक्सांत मागच्या शाफ्टवर दुसरा पंप असायचा. बॅटरी बसली तर चार जणांनी धक्का द्यायचा, चाकांनी मागचा पंप फिरायचा, तेलाचा दाब तयार व्हायचा आणि इंजिन सुरू व्हायचं. साठच्या दशकात खर्च वाचवायला कंपन्यांनी मागचा पंप काढून टाकला. ऑटोमॅटिकला धक्का देऊन काही होत नाही, हे आपण ड्रायव्हरला सांगतो, त्याचं कारण हे. तेव्हापासून सगळा भार पुढच्या एकाच पंपावर आला आणि तिसऱ्या खटक्याचं मोलही वाढलं.

कन्व्हर्टर पुढेही बदलत गेला. तेलातून शक्ती जाताना थोडी घसरण होतेच, आणि ती घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. म्हणून तर गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्या रेडिएटरपर्यंत नेतात. पॅकार्डने १९४९ मध्येच कन्व्हर्टरच्या आत एक क्लच घातला होता, जो वेगात इंजिन आणि टर्बाइन एकमेकांना थेट जोडायचा. पण पेट्रोल स्वस्त होतं तोवर या लॉक-अपची कदर फारशी कुणी केली नाही. १९७३च्या तेलसंकटाने हिशोब बदलला. क्रायस्लरने १९७८ मध्ये लॉक-अप पुन्हा आणला, मग बाकीच्यांनीही आणला. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओ या गाडीने एएमटी आणला. त्यात साधा क्लच आणि साधे गिअर, फक्त ते हलवायला यंत्र. ऑटोमॅटिक स्वस्त झालं आणि भांडं बाहेर गेलं. विजेच्या गाडीला तर ते लागतच नाही, कारण मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते.

तरी आमच्याकडे कन्व्हर्टर येतात. त्या दिवशी मिस्त्रींनी शिकवलेल्या चार गोष्टी मी अजून पाळतो. मानेला चिरा पडलेला किंवा खाचा झिजलेला कन्व्हर्टर पुन्हा वापरायचा नाही. कोरडा बसवायचा नाही, आधी लिटरभर तेल ओतायचं आणि मानेला आणि सीलला हलकं व्हॅसलीन लावायचं. मग बॉक्स उभा किंवा थोडा तिरका धरून, कन्व्हर्टर दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हळू फिरवत आत सरकवायचा. तो जड असतो, लटकू द्यायचा नाही, नाहीतर सील कापलं जातं. प्रत्येक खटक्याला तो थोडा थोडा आत जातो.

चौथी गोष्ट फटीची. बॉक्स इंजिनाच्या पाठीला हाताच्या जोराने बसला पाहिजे, बोल्ट फक्त तो धरून ठेवण्यासाठी असतात. तो बसल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि त्याच्या पॅड आणि इंजिनाला लावलेल्या फ्लेक्सप्लेटमध्ये फट दिसली पाहिजे. जीएमच्या टर्बो ३५० आणि ४०० बॉक्सांत ती ३ ते ५ मिलिमीटर धरतात. मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे. ही फट फुकट सोडलेली नसते. तेलाच्या दाबाने आणि उष्णतेने कवच थोडं फुगतं, त्याला मागे सरकायला जागा लागते. फट शून्य असेल तर तिसरा खटका झालेला नाही, असं समजायचं. फट उरली नाही आणि बोल्ट आवळले, तर पंप तुटतो किंवा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाब पडून इंजिनच उतरवावं लागतं.

परवा नव्या पोराने बॉक्स भिडवला. त्याने एकदा बोल्टकडे पाहिलं आणि मग खाली हात घालून कन्व्हर्टर फिरवून पाहिला. फिरला नाही. त्याने काही न बोलता बॉक्स पुन्हा मागे घेतला. मी चहा सांगितला.