माशांच्या घरची झाडलोट

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरात कोणत्याही वस्तूला स्वस्थता म्हणून मिळत नाही. पंखे पुसले जातात, डबे उन्हात बसतात, पुस्तके (ती माझी असल्यामुळे अंमळ अधिक कठोरपणे) झटकली जातात आणि सरतेशेवटी आमच्या सौ.ची दृष्टी दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीकडे वळते. "अहो, त्या तळाच्या खडीत केवढी घाण साचली आहे! एकदाची सगळी बाहेर काढून सोड्याने घासून टाकते कशी!" असे ती म्हणते, आणि मग वर्गात बोलावे लागत नाही एवढे मला घरी बोलावे लागते.

कारण इथे फाजील स्वच्छता जिवावर बेतते. आमच्याच इमारतीतल्या एका हौशी गृहस्थांनी वसुबारसेला मासे बादलीत काढले, खडी साबणाने घासून उन्हात वाळवली आणि पेटीत नळाचे ताजे पाणी भरले. पेटी अशी लखलखली, की मुले कंदील सोडून तिच्याभोवती जमली. पाडव्याला तीन मासे उलटे होऊन तरंगू लागले आणि भाऊबीजेला एकच उरला. त्यांची धाकटी मुलगी त्या दिवशी जेवली नाही. गृहस्थ मात्र अजून मासे विकणाऱ्यालाच दोष देतात!

यात विकणाऱ्याचा काय दोष? मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात त्याचा सारा उत्सर्ग होतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशाला विषच. पण पेटीत सूक्ष्म जंतूंच्या दोन जाती वस्तीला असतात. पहिली अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी त्याचे नायट्रेट करते, आणि ते बेताच्या प्रमाणात मासे सहज सोसतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास मातीतले असे जंतू वेगळे काढून दाखवले. गोड्या पाण्याच्या पेटीत दुसरे काम मुख्यत्वे नायट्रोस्पिरा नावाचे जंतू करतात, हे तर १९९८ साली उजेडात आले. हे जंतू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्याखड्याला आणि गाळणीच्या स्पंजाला चिकटून राहतात. बोटाला बुळबुळीत लागणारा तो थर म्हणजे त्यांचीच वसाहत. ती नव्याने वसायला चार ते सहा आठवडे लागतात. साबणाने आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ती घटकेत नष्ट होते. मग तेवढे आठवडे माशांनी काय करावे?

तेव्हा खड्यांच्या फटीतला मळ काढायचा आणि खड्यावरचा थर ठेवायचा, एवढेच काम. आपल्या भाषेने 'गाळ' हा शब्द मोठ्या मौजेचा ठेवला आहे. नाम म्हणून तो तळाशी बसलेला मळ, आणि क्रियापद म्हणून तो मळ वेगळा करण्याची आज्ञा! पेटीच्या धन्याने दुसरा अर्थ पाळावा.

त्यासाठी साधी नळी पुरते. तिच्या एका तोंडाला रुंद पारदर्शक नळकांडे जोडलेले असते. मासे बाहेर काढू नयेत. पंपाची आणि हीटर असल्यास त्याची कळ तेवढी बंद करावी. नळी पाण्याने भरून, दुसरे टोक अंगठ्याने दाबून, खाली ठेवलेल्या बादलीत सोडावे. तोंडाने पाणी ओढण्याचा अघोरी प्रकार करू नये. धार सुरू झाली, की नळकांडे खडीत खुपसावे. खडे जड, ते वर उसळून पुन्हा खाली बसतात. मळ हलका, तो पाण्याबरोबर निघून जातो. चार-पाच मिलिमीटरच्या खडीत हे छान जमते. पाणी स्वच्छ दिसू लागले, की नळकांडे दोन बोटे पुढे सरकवावे. वनस्पतींच्या मुळांशी मात्र उकराउकरी नको.

आमची पेटी दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच. म्हणजे पाणी सुमारे पन्नास लिटर. एका खेपेला त्यातले पाव, म्हणजे बादलीभर काढतो. बादली भरली, की काम संपले. अर्धी खडी या पंधरवड्यात, अर्धी पुढच्या. खडी वर्षानुवर्षे हलवलीच नाही, तर खोल भागात काळे डाग पडतात आणि ढवळताना सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हणून नियमितपणा हवा. दिवाळीपुरता पराक्रम नको. स्पंज धुवायचा तोही त्याच बादलीतल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. नव्याने घालायच्या पाण्यातला क्लोरिन घालवण्यासाठी दुकानात थेंब मिळतात. फोटोग्राफर मंडळी ज्याला 'हायपो' म्हणत, तेच बहुधा त्यांत असते.

"सकर मासा सोडा, तो सारी घाण खातो," असे छातीठोकपणे सांगणारे भेटतील. तो काचेवरचे शेवाळ खातो, हे खरे. विष्ठा खात नाही. उलट स्वतःची भरपूर भर घालतो आणि वाढून फूटभराचा होतो. त्या बिचाऱ्याला दोन फुटी पेटीत कोंडणे म्हणजे पैलवानाला पाळण्यात निजवणे होय.

खडी नवीच आणली असेल, तर ती खुशाल हवी तितकी धुवा; तिच्यावर अजून वस्ती कुठली? फक्त साबण नको. आणि एक-दोन खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला, तर त्यात चुना आहे. तो पाण्यात उतरून पाणी जड करतो. गोव्याहून हौसेने आणलेले शंखशिंपले याच कारणाने शोकेसमध्ये बरे.

राहता राहिले बादलीतले ते मळकट पाणी. ते मोरीत ओतू नका. त्यातले नायट्रेट हे झाडांचे अन्नच. आमच्या गॅलरीतली तुळस आणि कढीलिंब त्याच्यावर चांगली पोसली आहेत. मात्र औषध म्हणून पेटीत मीठ टाकले असेल, तर त्या खेपेचे पाणी कुंड्यांना घालू नये.