ऑनलाइन पदवी: आधी यादीत नाव पाहा, मग फी भरा

बारावीचा निकाल लागला की आपल्या दर्यापूर तालुक्यात दोन गोष्टींच्या जाहिराती एकदमच सुरू होतात, बियाण्याच्या आणि पदवीच्या. बियाण्याचं आपल्याला समजते. महाबीजचं मुख्यालयच अकोल्यात आहे, त्यामुळे प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग, लॉट नंबर आणि पक्कं बिल हे वऱ्हाडातल्या बाईला शिकवायची गरज नाही. पदवीचं मात्र मोबाइलवर आलेलं चित्र पाहून आपण पैसे पाठवून मोकळे होतो.

मागच्या वर्षी एका गटात सुनेच्या बी.ए.साठी अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. पदवी एका वर्षात, परीक्षा घरून, फी अठरा हजार एकरकमी. गटाच्या अध्यक्ष काकूंनी एवढंच विचारलं, "तीन वर्साचं काम एका वर्सात कसं होते बाई?" कर्ज तिथंच थांबलं. काकू सातवी शिकलेल्या आहेत, पण गुणवत्तेचा पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. एका वर्षात बी.ए. देता येईल असा कोणताही नियम देशात नाही.

म्हणून घरी राहून शिकणं खोटं असते असं समजू नका. आपल्याकडे याचा चांगला नमुना आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ते १९८९ साली स्थापन झालं आणि प्राध्यापक राम ताकवले पहिले कुलगुरू होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. अमरावतीला त्याचं विभागीय केंद्र आहे. शाळा सुटलेल्या कितीतरी बायका लग्नानंतर, लेकरं मोठी झाल्यावर त्याच वाटेनं पदवीधर झाल्या. त्यांचं पुस्तक हाती घेऊन पाहा. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं दिलेली असतात, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न असतात. लेखकासोबत संपादकांचीही नावं छापलेली असतात. समोर शिक्षक नाही म्हटल्यावर पुस्तकानंच शिकवलं पाहिजे, त्यासाठी ही मेहनत. दूरशिक्षणाची गुणवत्ता मुख्यतः इथंच कळते, असं मला वाटते. ॲपचा रंग आणि जाहिरातीतली नटी यावरून काही कळत नाही.

आता तपासणी कोण करते ते सांगते. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, दूरशिक्षण विभाग लक्ष ठेवतो. सध्याचे नियम २०२० चे आहेत. विद्यापीठाला प्रत्येक अभ्यासक्रमाची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण फसगत इथंच होते. विद्यापीठ खरं असते, इमारत खरी असते, पण तोच अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवायची परवानगी नसते. म्हणून यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशाचं वर्ष, तिन्ही जुळवून पाहायचं. नर्सिंग, फिजिओथेरपी, इंजिनिअरिंग, कायदा हे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देताच येत नाहीत. कुणी 'ऑनलाइन नर्सिंगची डिग्री' म्हणून मुलीला गळ घालत असेल तर यादी उघडायचीही गरज नाही. दुसऱ्या संस्थेला ठेका देऊन प्रवेश आणि शिकवणी चालवायलाही मनाई आहे.

मान्यता नसली तर काय होते, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये देशानं पाहिलं. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीनं इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द केल्या. त्याआधीच्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. नोकरीला लागलेली, संसार थाटलेली माणसं होती ती. उलट बाजूही सांगितली पाहिजे: मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाईल, असं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कुणी सुनेच्या मुक्त विद्यापीठाच्या पदवीला नाक मुरडलं तर त्यांना हे ऐकवा.

पदवी नको, नुसतं शिकायचं आहे, असंही बऱ्याच जणी म्हणतात. त्यांच्यासाठी सरकारचं 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. तिथं शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी लागते. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा, असे चार भाग प्रत्येक अभ्यासक्रमात असावे लागतात. नुसता व्हिडिओ टाकून अभ्यासक्रम होत नाही. कॉलेजात असलेल्या मुलीला तिथले गुण पदवीत धरून घेता येतात, पण त्यासाठी कॉलेजची मंजुरी आधी घ्यायची, परीक्षा झाल्यावर नाही.

'फुकट' आणि 'मुक्त' यातही फरक आहे. बालभारतीचं पुस्तक मोबाइलवर फुकट वाचता येते, पण ते छापून विकता येत नाही. मुक्त साहित्यावर लिहिणाऱ्यानं आधीच परवानगी लिहून ठेवलेली असते: नाव द्या, आणि वाटा, झेरॉक्स काढा, आपल्या बोलीत बदला. त्यावर बहुतेक वेळा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असं लिहिलेलं असते, गोलातली दोन इंग्रजी सी अक्षरं ही त्याची खूण. गटाच्या प्रशिक्षणाला असं साहित्य फार उपयोगी पडते. पण ही खूण परवानगीची आहे, मजकूर बरोबर असल्याची नाही. ते आपल्यालाच पाहावं लागते. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असते. विकिपीडियात कुणीही भर घालू शकते, म्हणून तिथं खालचे संदर्भ पाहायचे. यूट्यूबवर लाख लोकांनी पाहिलं म्हणून व्हिडिओ तपासलेला ठरत नाही. सांगणारा कोण, कधी सांगितलं आणि कशाच्या आधारावर, हे तिन्ही ठिकाणी विचारायचं.

शेवटी कामाचं. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थिनीला 'डेब आयडी' काढावा लागतो. त्याआधी 'एबीसी आयडी' लागतो, तो डिजिलॉकरवरून निघतो. हे दोन्ही विद्यार्थिनीनं स्वतः काढायचे असतात. त्या वेळी येणारा ओटीपी कुठल्याही एजंटला सांगू नका. जमत नसेल तर आधार कार्ड, बारावीची गुणपत्रिका आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन गटाच्या बैठकीला या. यादी आणि आयडी, दोन्ही तिथंच सगळ्यांसमोर उघडू. फीची पावती विद्यापीठाच्या नावाची असावी. एजंटच्या खात्यावर पैसे मागितले तर भरू नका.