खेळाच्या दांड्याची पेटी आणि आतला बोर्ड

शहरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एके काळी उभी पेटी असायची. समोर पडदा, खाली गोल मुठीचा दांडा आणि शेजारी रंगीत बटणे. १९९१ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर टू' या खेळाने एकेका खेळाडूला सहा-सहा बटणे दिली, आणि पोरांनी ती मनसोक्त बडवली. तशी दुकाने आता कमी झाली. पण तसाच दांडा लाकडी पेटीत बसवून घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा, हा छंद जगभर आहे. शाळेतल्या मोठ्या मुलांनाही तो जमण्यासारखा आहे.

दांडा काय, बटण काय, सारे साधे स्विच. दांड्याखाली चार, प्रत्येक बटणाखाली एक. कोणता स्विच दाबला गेला हे ओळखून कॉम्प्युटरला कळवतो तो सर्किट बोर्ड. या कामी पुष्कळजण २०२१ साली निघालेला 'रास्पबेरी पाय पिको' वापरतात. लांबी ५१ मिलिमीटर, रुंदी २१; आगपेटीपेक्षाही अरुंद!

आता मौज पाहा. बटणे कितीही बडवली तरी मार सोसतो तो स्विच. बोर्डाला त्याचा पत्ताही नसतो. बोर्ड बिघडतो तो बहुधा पेटीतल्या ढिसाळपणामुळे. त्याच्या पाठीवर सोल्डर केलेली उघडी टोके असतात. तो पत्र्याच्या तळावर नुसता ठेवला, की पत्रा ती टोके एकमेकांना जोडून देतो. एका टोकावर कॉम्प्युटरकडून आलेले ५ व्होल्ट असतात, आणि बटणांच्या टोकांना सोसवतात ३.३. सुटलेली एखादी तार तिकडून इकडे टेकली तरी चिप जळू शकते, मुलाचे साठवलेले पैसे गेले!

म्हणून बोर्डाच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत २ मिलिमीटरचे स्क्रू घालून तो नायलॉनच्या टेकूंवर उचलून बसवावा. तळ पत्र्याचा असल्यास वर जाड प्लास्टिकचा तुकडा चिकटवावा. जागा कोपऱ्यातली बरी. दांड्याच्या खाली मात्र नको; दांडा हलला की त्याचे खालचे टोकही हलते, आणि तारा ओढते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे केबल खोचायचे तोंड. ते बोर्डाच्या पृष्ठावर नुसते सोल्डरने धरलेले असते. कुणाचा पाय केबलमध्ये अडकला की तोंडच उखडून येते. तेव्हा केबल पेटीच्या आत लाकडी ठोकळ्याला घट्ट बांधा, आणि ठोकळ्यापासून बोर्डापर्यंत ती थोडी सैल सोडा. झटका ठोकळ्याला बसेल.

तारा जागेवर धरायला काहीजण दुकानातले सिलिकोन वापरतात. त्याला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ते बोर्डाजवळ आणू नका. त्यातले आम्ल तांबे खाते. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवा आधीच तांब्याच्या मुळावर असते, त्यात ही भर कशाला? बटणांसाठी पाडलेली जास्तीची भोके बुचाने बंद करावीत. धूळही जाणार नाही आणि मुंग्याही.

गुरुजींनी झाकण लावण्यापूर्वी केबल काढून मीटरने ५ व्होल्टचे टोक आणि सामाईक तार तपासावी. मीटर सतत वाजत राहिला तर कुठेतरी जोड चुकला आहे. मग पेटी उलटी करून हलवावी. आत काही खुळखुळले तर ते तारेचे कातरण किंवा सोल्डरचा मणी असेल. तो सापडेपर्यंत झाकण लावू नये.