क्रीडापटूंच्या जुन्या स्वाक्षऱ्यांचा संग्रह : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
नामवंत खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या जमविणे हा सामान्यतः विद्यार्थिदशेतील छंद समजला जातो. अमेरिकेत बेब रूथ (१८९५–१९४८) या बेसबॉलपटूच्या स्वाक्षरीचे चेंडू मोठ्या किमतीस विकले जातात. आपल्याकडे हे स्थान क्रिकेटला आहे. प्रस्तुत लेखात किमतीपेक्षा या संग्रहाच्या साधनमूल्याचा विचार केला आहे.

विषय विवेचन :
१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत त्या संघातील सोळा जणांच्या स्वाक्षऱ्या होत्या. त्या गांधीजींकडे स्वाक्षरीसाठी गेल्या असता गांधीजींनी वही चाळून नेमके तेच पान निवडले आणि सतरावे नाव म्हणून आपली सही केली. साम्राज्याचा संघ आणि साम्राज्याला आव्हान देणारा नेता एका पानावर आले. अशी नोंद धावफलकात कोठून मिळणार?

अर्थात, स्वाक्षरी अस्सल असेल तरच ती साधन ठरते. रबरी शिक्का, बॅटवर छापलेली सही, सहकाऱ्याने दुसऱ्याच्या नावे केलेली सही यांमुळे नवखा संग्राहक फसतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफ.बी.आय.ने ‘ऑपरेशन बुलपेन’द्वारे बनावट स्वाक्षऱ्यांचा व्यापार उघडकीस आणला. शाईवरूनही काळ कळतो. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. म्हणून १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात घेतलेली म्हणून दाखविलेली सही बॉलपेनची असल्यास तो दावा टिकत नाही. मात्र खेळाडूने उतारवयात जुन्या छायाचित्रावर सही केलेली असू शकते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर (१८९२–१९९३) यांच्यासारख्या शतायुषी खेळाडूच्या बाबतीत तर वयानुसार बदलणारे हस्ताक्षर ध्यानात घ्यावेच लागते.

स्वाक्षरीची वही बहुधा सुस्थितीतील घरांत असे. त्यामुळे १९११ चा इंग्लंड दौरा गाजविणाऱ्या, दलित समाजातून आलेल्या बाळू पालवणकरांसारख्यांची सही कोणी मागितली, कोणी जपली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

बीड जिल्ह्याने संजय बांगर, राहुल आवारे, अविनाश साबळे असे खेळाडू दिले. आज सेल्फीपुढे सही मागे पडली असली तरी महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने पाहुण्या खेळाडूची सही वहीत, दिनांक व प्रसंगासह घ्यावी. ते पान लॅमिनेट करू नये, उन्हात टांगू नये. ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून त्याची दाखल नोंद करावी.